सहा घरांची सवय

मंडळी, वाचनालयाने मला खरं तर आपल्या बोलण्यातल्या पोर्तुगीज शब्दांवर बोलायला बोलावलं होतं. मी म्हटलं, बोलतो, पण दोनच शब्दांवर: काडतूस आणि पिस्तूल. हे दोन्ही आपल्या बंदरांत उतरले आणि घाट चढून वर गेले. रिव्हॉल्वर हा तिसरा शब्द इंग्रजांचा. माझी सगळी हौस त्या तिसऱ्यात गेली. वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, गेल्या महिन्यात, मी पहिल्यांदा पिस्तुलाचा बार काढला. आज तेच सांगतो. पोर्तुगीज शब्द इथे संपले.

आमचं कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग, आहे हे तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहीत आहे. रानडुकरं हाकायला वडिलांनी बारा बोरची बंदूक घेतली होती, ती वारसाने माझ्याकडे आली. पुढे नोकरीत असताना मी कानपूरच्या सरकारी कारखान्यातलं बत्तीस बोरचं (बोर म्हणजे नळीच्या भोकाचं माप) रिव्हॉल्वर घेतलं. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला दोनच शस्त्रं ठेवता येतात, पूर्वी तीन चालत. म्हणजे माझं घर भरलं. पिस्तूल हवं असेल तर रिव्हॉल्वर द्यावं लागणार, म्हणून तेव्हापासून मी पिस्तुलाकडे बघितलंही नाही. बघितलं की हवंसं वाटतं.

रिव्हॉल्वरमध्ये काय आवडतं, असं मला नेहमी विचारतात. अडकित्ता आठवा. सुपारी धरली, दाबत गेलात, एका टोकाला ती घट्ट लागते आणि मग कट्कन फुटते. डबल अ‍ॅक्शन रिव्हॉल्वरचा चाप तसा आहे. ओढायला लागलात की घोडा मागे जातो, सहा काडतुसांची सहा घरं असलेलं चक्र एक घर पुढे सरकतं, ते घर नळीसमोर येऊन अडकतं आणि मग घोडा सुटतो. हे सगळं बोटाला कळतं. लांब आणि जड ओढ आहे, नवख्याचा नेम हमखास खाली जातो. पण एकदा बोटात बसली की दुसरं काही गोड लागत नाही. शिवाय चक्र उघडून उजेडाकडे धरलं की सहा भोकांतून आभाळ दिसतं. रिकामं आहे की नाही, हा प्रश्न तिथेच मिटतो. बायको स्वयंपाकघरातून विचारते, "रिकामं मगो?", मी चक्र उघडून दाखवतो, संपलं.

गेल्या महिन्यात नेमबाजीच्या रेंजवर मिळालेलं पिस्तूल क्लबच्या परवान्यावरचं होतं. तेही बत्तीस बोर, कारण ९ मिमी आपल्यासारख्यांना मिळत नाही. तळहातात मावेल एवढं. मला वाटलं होतं, बोर एकच म्हणजे काडतूसही एकच. तसं नाही. गोळीची जाडी साधारण सारखी, पण रिव्हॉल्वरच्या काडतुसाची पुंगळी, म्हणजे पितळी कवच, लांबीला २३ मिमीच्या आसपास आणि पिस्तुलाची १७. रिव्हॉल्वरच्या काडतुसाला बुडाला रुंद कड असते, तिच्यावर ते घरात टेकून राहतं. पिस्तुलात काडतुसं मॅगझीनमध्ये, म्हणजे मुठीतल्या पेटीत, एकावर एक बसतात, तिथे रुंद कड एकमेकींत अडकेल. म्हणून हे काडतूस बनवणाऱ्या जॉन ब्राउनिंगने ही कड अगदी नावापुरती ठेवली. तरी भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या मागे गेली की मॅगझीन अडतं, वरचं नेहमी पुढेच सरकवून बसवायचं. पोर्तुगालने पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेहून सॅव्हेज कंपनीची ७.६५ मिमीची पिस्तुलं मागवली होती. ते ७.६५ म्हणजे हेच काडतूस. बघा, विषय परत पोर्तुगीजांवर आणलाच.

शिकवायला सत्तरी तालुक्यातली एक मुलगी होती, वय पंचवीस-सव्वीस. तिने पिस्तूल टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "काका, रिकामं करून दाखवा." मी मॅगझीन काढलं, ऐटीत बाजूला ठेवलं, म्हटलं झालं. ती काही बोलली नाही. तिने स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे ओढली आणि आतून एक नकली काडतूस टुण्णकन टेबलावर पडलं. मॅगझीन काढलं तरी नळीच्या मागच्या घरात एक राहतंच. आणि क्रम उलटा केलात, म्हणजे आधी स्लाइड ओढली आणि मग मॅगझीन काढलं, तर एक बाहेर पडतं आणि दुसरं आत जाऊन बसतं. वर्षानुवर्षं आभाळ बघून खात्री करणाऱ्या माणसाला घाम फुटला. आधी मॅगझीन, मग स्लाइड, मग आत डोळ्यांनी बघायचं आणि करंगळी घालूनही बघायचं. तिने माझ्याकडून हे दहा वेळा करून घेतलं.

स्लाइड ओढणं हा वेगळाच प्रकार. या छोट्या पिस्तुलात नळी हलत नाही. बार झाला की पुंगळीच मागे रेटते आणि तिला थोपवायला स्लाइडचं वजन आणि स्प्रिंग, एवढंच असतं. म्हणून स्प्रिंग कडक. मी दोन बोटांच्या चिमटीत धरून ओढत होतो, ती जागची हलेना. "ओढू नका काका, ढकला," ती म्हणाली. डाव्या पंजाने स्लाइड वरून घट्ट धरायची आणि उजव्या हाताने मूठ पुढे लोटायची. पहिल्याच खेपेला आली.

आता माझा अंगठा बघा. पुढच्या रांगेला दिसेल. हा वळ अजून गेलेला नाही. रिव्हॉल्वर धरताना माझा डावा अंगठा उजव्या मनगटावरून मागे टेकवायची सवय. तिथे मागे काही येत नसतं. जपायचं ते बाजूंना, कारण चक्र आणि नळी यांच्यामधल्या फटीतून गरम वायू आणि शिशाचे कण उडतात, बोट तिथे गेलं तर भाजतं, कापतं. मी ती फट सांभाळत बसलो आणि स्लाइड मागून आली ती अंगठ्यावरून गेली. तिने आधी दोनदा सांगितलं होतं. सवयीला ऐकू येत नाही.

पट्टी बांधून परत उभा राहिलो. पहिला बार अडकित्त्यासारखा, लांब ओढीचा, तो बरा गेला. त्या बारात स्लाइडने घोडा आपणहून मागे ठेवलेला असतो, त्यामुळे पुढची ओढ एकदम आखूड आणि हलकी. मला ते माहीत होतं. माझ्या बोटाला नव्हतं. दुसरा बार मी ठरवण्यापूर्वीच सुटला आणि कागदाच्या वरच्या कोपऱ्यात लागला. तिसऱ्याला मनगट सैल राहिलं, स्लाइड पुरती मागे गेली नाही आणि रिकामी पुंगळी फटीत उभी अडकली, गणपतीवरच्या माटोळीला लटकवलेल्या नारळासारखी दिमाखात. रिव्हॉल्वरमध्ये काडतूस फुसकं निघालं तर रेंजवर तोंड समोर ठेवून थोडं थांबायचं, मग चाप परत ओढला की पुढचं घर येतं. इथे मात्र हात थांबवून बघावं लागतं की नेमकं काय अडलंय. मनगट ताठ केल्यावर उरलेले चार बार सरळ गेले. त्यातले तीन एका लिंबाएवढ्या जागेत. दहा मीटरवर. माझ्या रिव्हॉल्वरने इतकं घट्ट मी वर्षभरात मारलं नाही, हे खरं सांगितलं पाहिजे.

एक आपल्या हवेचं. पावसात चामड्याच्या म्यानात शस्त्र ठेवू नका, चामडं ओल धरतं. २०२२ च्या निवडणुकीला परवान्याची शस्त्रं जमा करायची होती, मी तेल न लावताच दिलं आणि परत आलं तेव्हा चक्रावर तांबूस ठिपके. चूक माझीच. पिस्तुलाचं बरं, स्लाइड काढली की दोन-तीन तुकडे होतात, सगळीकडे फडकं पोचतं. चक्राच्या आतल्या घड्याळाला मात्र मी हात लावत नाही.

आता तुम्ही विचारणार, रिव्हॉल्वर देणार का. मागे बसलेले भाऊ हसतायत, त्यांना ते पाहिजे आहे. अर्ज आणून ठेवलाय, भरलेला नाही. पुढच्या रविवारी परत रेंजवर जातोय, आणि रोज रात्री जेवण झाल्यावर रिकाम्या हातांनीच मूठ धरून अंगठा पुढे ठेवायचा सराव करतो. बायको म्हणते, ध्यान लागलंय.