पाण्याखाली दोन सेंटिमीटर

(नर्सिंग शाळेची प्रात्यक्षिक खोली. खिडकीबाहेर पाऊस. टेबलावर काचेची बाटली.)

टेबलावरच्या या काचेच्या बाटलीत पाणी आहे आणि त्या पाण्यात एका नळीचे टोक सुमारे दोन सेंटिमीटर बुडालेले आहे. वॉर्डात या नळीचे दुसरे टोक रुग्णाच्या छातीत, फुफ्फुसाभोवतीच्या पोकळीत असते आणि तेथे साठलेली हवा ती बाहेर काढते. येथे मात्र शिकवणाऱ्या मॅडमनी त्याला एक रबरी फुगा जोडला आहे. दाबलेला फुगा सैल सोडला की नळीतील पाणी वर चढते, पुन्हा दाबला की खाली उतरते. स्वतःहून श्वास घेणाऱ्या रुग्णाच्या बाबतीतही हेच घडते: श्वास आत घेताना पातळी चढते, सोडताना उतरते. एवढीशी ही हालचाल पाहण्यासाठी बावीस मुली टेबलाभोवती दाटीने उभ्या आहेत आणि मागच्या तिघी स्टुलावर चढल्या आहेत.

"पाणी हलायचं थांबलं, तर काय समजायचं?" मॅडम विचारतात.

'नळी तुंबली' हे उत्तर चार-पाच तोंडांतून एकदम येते. ते चूक नाही, पण अर्धे आहे. फुफ्फुस पूर्ण फुगून पोकळी मिटली तरीही पाणी स्थिर होते, आणि ती आनंदाची बातमी असते. दोन्ही बातम्या बाटलीत एकसारख्याच दिसत असल्यामुळे उत्तर शोधायला रुग्णाकडे वळावे लागते: नळी कोठे दुमडली आहे का, रुग्ण तिच्यावरच कुशीला झोपला आहे का, छातीच्या दोन्ही बाजूंना श्वासाचा आवाज सारखा येतो का, दम वाढला आहे की कमी झाला आहे. पाण्यात बुडबुडे सतत येत राहिले तर कोठेतरी हवा गळते आहे. बाटली छातीच्या पातळीच्या खालीच ठेवायची, आणि रुग्णाला एक्स-रेसाठी हलवताना नळीला चिमटा लावायचा नाही, कारण आत कोंडलेली हवा फुफ्फुसावर आणि हृदयावर दाब वाढवत जाते. हा शेवटचा मुद्दा मॅडम दोनदा सांगतात आणि दुसऱ्यांदा सांगताना चिमटा ट्रेमधून उचलून कपाटात ठेवून देतात.

कोल्हापुरातील एका नर्सिंग शाळेची ही प्रात्यक्षिक खोली आहे. जीएनएम, म्हणजे जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी, हा तीन वर्षांचा अभ्यासक्रम असून मेडिकल-सर्जिकल नर्सिंग, म्हणजे औषधोपचाराच्या आणि शस्त्रक्रियेच्या रुग्णांची परिचर्या, हा त्याच्या दुसऱ्या वर्षाचा कणा आहे. वार्षिक परीक्षा एकोणीस दिवसांवर आली आहे. मुली राधानगरी, गगनबावडा, शिरोळ, चंदगड अशा तालुक्यांतून आलेल्या आहेत. बाहेरगावच्या मुलांनी कोल्हापुरात राहून शिकण्याची रीत येथे जुनी आहे. शाहू महाराजांच्या प्रोत्साहनाने १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले आणि पुढे निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहिली. दसरा चौकातून जाताना त्या परंपरेतील इमारती आजही नजरेस पडतात. त्या पहिल्या बोर्डिंगात मुलगेच राहत असत, हेही जाता जाता नोंदवायला हवे.

(वसतिगृहाची खोली. लोखंडी कॉट. उघडी वही.)

राधानगरी तालुक्यातील एका विद्यार्थिनीची ही वही आहे. तिने प्रत्येक पानाच्या मधोमध पट्टीने रेघ मारली आहे. डावीकडे पुस्तकातील संज्ञा आहे आणि उजवीकडे तीच गोष्ट रुग्ण कोणत्या शब्दांत सांगतो ते आहे. ऑर्थोप्निया: 'दोन उशा घेऊन बसल्याशिवाय झोपच येत नाही.' क्लॉडिकेशन: 'चाललं की पोटरीत गोळा येतो, थांबलं की जातो.' मेलेना: 'डांबरासारखी काळी शी होते.' पुस्तक इंग्रजीत आहे आणि रुग्ण मराठीत आजारी पडतो. या दोहोंमधली रेघ ओलांडायला दोन वर्षांत कोणी वेगळे शिकवले नाही, म्हणून वॉर्डात जे कानावर पडले ते तिने टिपून ठेवले. ही वही पडद्यावर जरा जास्त वेळ दिसेल आणि तसे ठरवूनच केले आहे. परीक्षेच्या तयारीसाठी बाजारात गाईडे मिळतात, त्यांतील उत्तरे मुद्देसूदही असतात. परंतु वहीच्या उजव्या बाजूचा मजकूर त्यांत नसतो.

दुपारच्या सत्रात 'शॉक', म्हणजे शरीराला पुरेसा रक्तपुरवठा न होण्याची अवस्था, हा विषय आहे. रक्तस्राव किंवा द्रव कमी झाल्यामुळे होणारा, हृदय कमी पडल्यामुळे होणारा, जंतुसंसर्गामुळे किंवा तीव्र ॲलर्जीमुळे रक्तवाहिन्या सैल पडून होणारा, असे प्रकार मुली धडाधड सांगतात. मग मॅडम एकीला पलंगावर झोपायला लावतात, तिच्या अंगावर चादर घालतात आणि फळ्यावर आकडे लिहितात. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतरचा चौथा तास. वजन ५५ किलो. शस्त्रक्रियेआधी रक्तदाब १२४/७६ आणि नाडी ८४. आता रक्तदाब ११२/८८ आणि नाडी ११८. गेल्या तीन तासांत लघवी ६० मिली.

पलंगावरची मुलगी भूमिकेत चांगलीच शिरली आहे. ती चादर लाथाडते, ऑक्सिजनचा मास्क ओढून काढते आणि म्हणते, "सिस्टर, मला उठवा, कसंतरी होतंय, पाणी द्या आधी."

"मावशी, असं करू नका, टाके ओढले जातील," असे म्हणत दुसरी तिला पुन्हा झोपवते आणि नोंदवहीत लिहिते: रक्तदाब ठीक, रुग्ण सहकार्य करत नाही.

त्या नोंदीवर मॅडमचे बोट येऊन थांबते. ११२ हा वरचा आकडा पाहून सगळ्यांना हायसे वाटले होते, मात्र रक्तदाबाच्या दोन आकड्यांमधले अंतर ४८ वरून २४ वर आले आहे, हे फक्त शिरोळच्या मुलीने टिपले. रक्त कमी पडू लागले की शरीर रक्तवाहिन्या आवळते, हृदयाचा वेग वाढवते, हातपायांचा आणि मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा कमी करून मेंदू व हृदय यांना सांभाळते. म्हणून रक्तदाब उशिरा कोसळतो आणि तोपर्यंत बराच वेळ हातचा गेलेला असतो. त्याआधी नाडी धावते, त्वचा गार व ओलसर होते, लघवी घटते. ताशी किमान अर्धा मिली प्रतिकिलो या हिशेबाने तीन तासांत सुमारे ८२ मिली यायला हवी होती. आणि सर्वांच्या आधी रुग्ण बेचैन होतो. चादर लाथाडणारी मावशी हट्टी नाही. तिच्या मेंदूला रक्त कमी पडते आहे. यानंतरची कृती मुली आता न अडखळता करतात: ड्रेसिंग पाहणे, पाठीखाली हात घालून तेथे रक्त साचले आहे का ते पाहणे, पाय उंच करणे, ऑक्सिजन, सलाईनची शीर चालू असल्याची खात्री, आणि सर्जनना नुसते 'पेशंट बरा नाही' असे न कळवता सगळे आकडे वेळेसह कळवणे.

'रुग्ण सहकार्य करत नाही' हे वाक्य किती नोंदवह्यांत किती वेळा लिहिले गेले असेल, असा विचार त्या वेळी कॅमेऱ्यामागेही आला.

(दोन सिरिंज शेजारी शेजारी. एकीचे टोपण लाल, एकीचे नारिंगी.)

लाल टोपणाची सिरिंज मिलीलिटरला ४० युनिट असलेल्या इन्सुलिनसाठी असते आणि नारिंगी टोपणाची १०० युनिटसाठी. डॉक्टरांनी २० युनिट लिहून दिले आहेत. १०० युनिटची कुपी असताना चुकून लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत औषध ओढले, तर ते अर्धा मिली होते, म्हणजे ५० युनिट. उलट गफलत झाली, तर रुग्णाला फक्त ८ युनिट मिळतात. हे गणित चंदगडची मुलगी पाणी भरून करून दाखवते. रक्तातील साखर ७० च्या खाली गेली तर शुद्धीवरच्या रुग्णाला पंधरा ग्रॅम साखर पाण्यातून द्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचे. शुद्ध हरपली असेल तर तोंडातून थेंबही घालायचा नाही. वहीच्या उजव्या बाजूला येथे लिहिले आहे: 'घाम फुटलाय, हात थरथरतायत, डोळ्यापुढं अंधारी येतीय.'

(गुऱ्हाळ. काहील. वाफ.)

हे चित्रीकरण करवीर तालुक्यातील एका गुऱ्हाळावर, हंगामात केलेले आहे. काहिलीत आटत आलेला रस उकळत्या पाण्यापेक्षा अधिक तापलेला असतो आणि चिकट असल्यामुळे तो अंगावर पडला की ओघळून जात नाही, कातडीला धरून राहतो. गुळव्याच्या हाताकडे पाहावे; फावड्यावरून धार सोडून पाक आला की नाही हे तो जितक्या शांतपणे पाहतो, तितक्याच सवयीने मागे सरकतो. वर्गातील एका मुलीचे वडील गुऱ्हाळावर कामाला आहेत, त्यामुळे भाजण्याच्या धड्याला मॅडमनी पुस्तकातील उदाहरण घेतले नाही.

पन्नास किलो वजनाचा माणूस, एक पूर्ण पाय आणि एक पूर्ण हात भाजलेला. शरीराची कातडी नऊ-नऊ टक्क्यांच्या हिशेबाने मोजणाऱ्या नवाच्या नियमाने पायाचे १८ आणि हाताचे ९, एकूण २७ टक्के. भाजलेल्या रुग्णाला किती द्रव द्यायचा ते ठरवणारे पार्कलंड सूत्र सांगते की चार मिली गुणिले वजन गुणिले टक्के, म्हणजे पहिल्या चोवीस तासांत ५४०० मिली रिंगर लॅक्टेट (शिरेतून द्यायचे क्षारयुक्त पाणी), आणि त्यातील निम्मे पहिल्या आठ तासांत. येथपर्यंत सर्वांचे बरोबर येते. मग मॅडम एक ओळ वाढवतात: गुऱ्हाळावरून दवाखान्यात पोहोचायला दोन तास लागले. आठ तास दवाखान्यात आल्यापासून मोजायचे नसून भाजल्यापासून मोजायचे असतात. उरलेल्या सहा तासांत २७०० मिली द्यायचे, म्हणजे ताशी ४५०. ज्यांनी आठने भागले त्यांचे उत्तर ३३७ वर आले. सूत्राने फक्त सुरुवात ठरते. पुढे वेग कमी-जास्त करायचा तो ताशी लघवी मोजून. गुऱ्हाळवाल्याची मुलगी या वेळी बोलत नाही. ती फळ्यावरचा २ हा आकडा वहीत उतरवून त्याला गोल करते.

उसाच्या फडातून दुसरा रुग्ण येतो तो सर्पदंशाचा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे ही चार विषारी नावे येथील मुलींना पुस्तकाआधी घरी कळलेली असतात. येथे दिसते आहे ती वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी: कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत दोन मिली ताजे रक्त, वीस मिनिटे अजिबात न हलवता ठेवायचे आणि मग एकदाच तिरके करून पाहायचे. रक्त वाहिले तर विषाने गोठण्याची क्रिया मोडली आहे. नळी प्लास्टिकची असून चालत नाही, कारण गोठण्याला चालना काचेच्या पृष्ठभागामुळे मिळते. पूर्ण वीस मिनिटांचे चित्रीकरण आपल्याकडे आहे, येथे त्यातील अर्धे मिनिट घेतले आहे. प्रतिविष सुरू करताना, त्याची तीव्र ॲलर्जी आलीच तर म्हणून, ॲड्रेनॅलिन भरून हाताशी असायला हवे, हे वाक्य मुली एका सुरात म्हणतात.

रक्त चढवणे, पोटावरचे टाके उसवणे, डिजॉक्सिन हे हृदयाचे औषध देण्यापूर्वी हृदयाचे ठोके पूर्ण एक मिनिट मोजणे हेही त्या आठवड्यात झाले, तथापि त्या दिवशी कॅमेरा नव्हता. इतकेच सांगता येईल की ठोके मोजण्यासाठी सेकंदकाटा असलेले घड्याळच हवे, मोबाईल चालणार नाही, असा मॅडमचा दंडक आहे.

(रात्र. वसतिगृहाचा व्हरांडा. दोरीवर ॲप्रन.)

रात्री साडेअकराला व्हरांड्यात पाच जणी भिंतीला टेकून बसल्या आहेत. त्यांनी एक खेळ काढला आहे: एकीने रुग्ण व्हायचे, एकच वाक्य बोलायचे आणि दुसरीने त्यावरून काय पाहायचे ते सांगायचे.

"सिस्टर, काल गळ्याचं ऑपरेशन झालं, आज ओठाभोवती मुंग्या येतायत."

क्षणभर कोणी बोलत नाही. मग कोपऱ्यातून उत्तर येते. थायरॉईड काढताना शेजारच्या पॅराथायरॉईड ग्रंथींना इजा झाली असेल, तर कॅल्शियम घसरते. गालावर कानापुढे हलके टिचकी मारून ओठ उडतो का ते पाहायचे, रक्तदाबाचा पट्टा फुगवून ठेवल्यावर हात आखडतो का ते पाहायचे, ताबडतोब कळवायचे, आणि कॅल्शियम ग्लुकोनेट व ट्रॅकिओस्टोमीचा, म्हणजे गळ्याला छेद देऊन श्वासाची वाट करण्याचा, सेट जवळ आहे याची खात्री करायची.

"आणि वॉर्डातल्या एखाद्या आजी काय म्हणाल्या असत्या?" वहीवाली विचारते.

"मुंग्या म्हणजे वात, असं."

हसण्याचा आवाज ध्वनिमुद्रणात थोडा फाटला आहे, पण तो तसाच ठेवला आहे. उजव्या रकान्यात नवी ओळ लिहिली जाते.

परीक्षा झाली, निकाल लागला, दोघींचा विषय राहिला आणि त्या पुन्हा बसणार आहेत.

(सकाळ. दवाखान्याचे प्रवेशद्वार.)

परीक्षेपर्यंत रोज सकाळी वॉर्डातील पाळीही चालूच होती. रुग्णांच्या खाजगीपणासाठी आम्ही कॅमेरा आत नेला नाही, त्यामुळे आपल्याला दिसतील त्या प्रवेशद्वारातून आत जाणाऱ्या पाठमोऱ्या मुली, भिजलेल्या छत्र्या आणि ॲप्रनच्या खिशातून डोकावणारी पेने. त्यातली एक उलट फिरून वसतिगृहाकडे धावत सुटते. तिचे घड्याळ राहिले आहे.