थँक्यू म्हणायच्या आधी

[दृश्य : दोरीवर कपडे वाळत घालणारा माणूस. चिमटा निसटतो.]

चिमटा खाली पडला. माणूस हात लांबवतोय, पण पुरत नाही. कोपऱ्यात खेळणारं हे मूल १८ महिन्यांचं आहे. कुणी हाक मारली नाही, काही सांगितलं नाही. तरी ते उठतं आणि चिमटा उचलून देतं.

फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये असेच प्रसंग मुद्दाम घडवून पाहिले. २४ पैकी २२ मुलांनी एकदा तरी मदत केली. तीच वस्तू मुद्दाम फेकली, तेव्हा मात्र मुलं फारशी पुढे आली नाहीत. अडलेला माणूस त्यांना बरोबर ओळखता येत होता.

[दृश्य : भिंतीवर चांदण्यांचा तक्ता. चांगल्या कामाला एक चांदणी.]

दोन वर्षांनी त्याच दोघांनी २० महिन्यांच्या काही मुलांना प्रत्येक मदतीमागे खेळणं दिलं. बक्षीस थांबलं, आणि ज्यांना काहीच मिळालं नव्हतं त्यांच्यापेक्षा ही मुलं कमी मदत करू लागली. दात घासायला हा तक्ता खुशाल ठेवा. मदतीच्या रकान्यात चांदणी नको.

[दृश्य : खोका उघडतो. आजीने विणलेला स्वेटर. मागून आवाज : 'थँक्यू म्हण!']

मुलीने थँक्यू म्हटलं, नजर मात्र अजून खोक्यात आहे. मोठ्यांची घाई इथेच नडते. मानसशास्त्रज्ञ अँड्रिया हसाँग आणि त्यांचे सहकारी कृतज्ञतेचे चार भाग सांगतात : काय मिळालं ते दिसणं, ते का मिळालं याचा विचार, त्यातून मनात येणारी भावना, आणि मग कृती. आपण थेट चौथ्यावर उडी मारतो.

[दृश्य : स्वेटरवर फिरणारं बोट.]

आता पहिल्या भागाला किती वेळ लागतो ते बघा. स्वेटर मांडीवर पसरला आहे. एका ओळीत टाके किती, ते ती बोटाने मोजते. तिसाच्या आसपास चुकते, पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. आणि अशा ओळी किती? बाहीजवळ वीण जरा घट्ट आहे, तिथे बहुधा उसवून पुन्हा विणलंय. ही पाच-सात मिनिटं वाया गेलेली नाहीत. विणणारीचे कष्ट मुलीला पहिल्यांदा दिसतात ते इथे.

मग एकच प्रश्न : 'आजीने हाच रंग का घेतला असेल?' उत्तर 'माहीत नाही' आलं, तर आपला अंदाज सांगा आणि थांबा. चारही भाग एका बैठकीत उरकायला गेलात, की त्याची उलटतपासणी होते. साधारण चार वर्षांखालच्या मुलाला हा प्रश्न विचारूच नका. समोरच्याच्या मनात काय चाललंय हे त्याला अजून नीट उमगत नाही. त्याच्यासोबत नुसते टाके मोजा.

'बघ, कित्येकांना हेही मिळत नाही' हे वाक्य पूर्ण टाळा. त्याने मूल ओशाळतं, आणि देणारी व्यक्ती बाजूलाच राहते.

[दृश्य : कागद, खडू.]

चिठ्ठीत तीन गोष्टी पुरतात : काय मिळालं, देणाऱ्याने त्यासाठी काय केलं, आणि आपण ते कधी वापरणार. लिहिता येत नसेल तर मुलाने सांगावं, मोठ्यांनी जसंच्या तसं उतरवावं. वाक्य सुधारलंत, की चिठ्ठी तुमची झाली.

मानसशास्त्रज्ञ जेफ्री फ्रो आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये सहावी-सातवीच्या २२१ मुलांवर केलेल्या अभ्यासात, दोन आठवडे रोज कृतज्ञतेच्या गोष्टी लिहिणाऱ्या मुलांमध्ये समाधान आणि आशावाद वाढलेला दिसला.

[दृश्य : ठोकळ्यांचा मनोरा कोसळतो. दोन मुलं.]

इथेही 'आधी सॉरी म्हण' नको. दोघं रडत असतील तर आधी रडू ओसरू द्या. मग गुडघ्यावर बसून दोनच वाक्यं : 'तुझ्या धक्क्याने मनोरा पडला. तो कधीपासून रचत होता.' तिसऱ्या वाक्याला मुलाची नजर जमिनीकडे जाते आणि व्याख्यान सुरू होतं. त्यानंतर विचारा, 'आता काय करता येईल?' मनोरा पुन्हा कसा रचायचा, हे ज्याचा होता त्याने ठरवायचं. त्याला मदत नको असेल, तर पांगलेले ठोकळे गोळा करून त्याच्याजवळ ठेवले तरी चालेल.