उपाहारगृहातील तुंबे

श्रोतेहो, उपाहारगृहासाठी कलाकृती करावयाची असेल तर 'काय लावायचे' हा माझ्या मते दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न, ती पुसणार कोण? एक्झॉस्ट कितीही दमदार असला तरी फोडणीची तेलकट वाफ थोडीफार बाहेर येतेच, तिचा चिकट थर वस्तूवर बसतो आणि त्यावर धूळ धरते. सुतळी, गोणपाट, कागद ही फोटोत देखणी दिसणारी सामग्री हे तेल शोषून घेते आणि मग धुता येत नाही. म्हणून ती मी स्वयंपाकघराच्या दारापासून लांबच ठेवतो.

सांगली-मिरज रस्त्यावरील एका उपाहारगृहासाठी आम्ही छताला तुंब्यांचा, म्हणजे वाळलेल्या भोपळ्यांचा, घोस केला. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्या वाद्यांसाठी पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येणाऱ्या भोपळ्यांतले वाकडे, पातळ सालीचे भोपळे वाद्याला चालत नाहीत, ते आम्ही घेतले. तुंबा पाण्यात भिजवला म्हणजे साल मऊ पडते, कापताना तडकत नाही. मग आतला वाळका गर आणि बिया खरवडून काढावयाच्या. वाद्यांवर स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपडीलाखेचे पॉलिश चढते. त्याची झळाळी अप्रतिम असली तरी ओल्या फडक्याने त्यावर पांढरे डाग उमटतात आणि उष्णतेने ते मऊ पडते, म्हणून आम्ही मॅट पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचे बिनझळाळीचे पॉलिश, वापरले. एका सतारमेकरांना ते मुळीच रुचले नाही, आणि वाद्यापुरते त्यांचे म्हणणे रास्तच आहे.

बसलेल्या माणसाची नजर जमिनीपासून साधारण ४ फुटांवर असते. त्याला तुंब्याचा तळच दिसतो. तेव्हा कोरीवकामाची सगळी मेहनत तळावर घ्यावी. आत २७०० केल्विनचा पिवळसर एलईडी लावावा. पांढऱ्याफटक प्रकाशात ताटातला रस्सा निळसर, शिळा दिसतो.

वाळला तुंबा हलका असला तरी लोखंडी कडे, वायरी, दिवे धरून वजन बरेच होते. ते फॉल्स सीलिंगच्या जिप्सम बोर्डावर मुळीच सोडू नये. वरच्या स्लॅबमध्ये अँकर फास्टनर ठोकून पोलादी तार घ्यावी, आणि तिच्या जोडीला दुसरी, राखीव. तुंबा म्हणजे शेवटी सुके जळणच. २०१७ च्या डिसेंबरात मुंबईच्या कमला मिल्स आवारात लागलेल्या आगीत १४ माणसे गेली, आणि ज्वलनशील सजावटीची चर्चा तेव्हापासून होते आहे. तंदूरजवळ व बाहेर पडण्याच्या वाटेवर असले काही टांगण्याचा आग्रह मालकाने धरला, तर काम सोडावे.

दराबाबत एवढेच, की इंटिरियरवाले चौरस फुटाचा भाव विचारतात, तो देऊ नये. नग, मजुरी आणि बसवणी वेगवेगळी लिहावी, आणि त्याच खेपेतले चार-सहा जास्तीचे तुंबे पॉलिश करून मालकाच्या ताब्यात द्यावेत, कारण पुढच्या हंगामातल्या मालाचा रंग आधीच्याशी जुळत नाही.