अडलेलं अंडं

(दृश्य: काचेची पेटी. वेटोळं घालून पडलेली सापाची मादी. कॅमेरा शेपटीकडे सरकतो.)

शेपटीच्या थोडं अलीकडे हे दोन फुगवटे बघा. शेपटीकडचा लहान, त्याच्या पुढचा चांगलाच मोठा. काल रात्री जिथे होते तिथेच आज सकाळी आहेत. चार अंडी बाहेर आली, ती शेजारच्या डब्यात ठेवली आहेत. ही दोन पोटातच राहिली. गाय अडते, शेळी अडते, तसा सापही अडतो.

(दृश्य: अंगण, पेंढा, आंब्याच्या पेट्या. मग घराची आतली खोली.)

गाव मालवण तालुक्यातलं, आचऱ्याच्या खाडीकडचं. मे महिना. ओटीवर हापूस पेटीत भरणं चाललंय आणि आतल्या खोलीत ही पश्चिम आफ्रिकेची पाहुणी आहे. बॉल पायथन. बिनविषारी, चार-सव्वाचार फूट लांब, घाबरली की डोकं आत घेऊन अंगाचा गोळा करणारी. पाळणारा पोरगा विशीतला. आजी दारात उभ्या आहेत, आत यायला तयार नाहीत.

"काय रे झिला, किरडाच्या बाळातपणाक पण डाक्टर लागता?"

लागतो. पण त्याआधी कायद्याचं सांगायला हवं, नाहीतर हे बघून उद्या कोणीतरी परसातली धामण उचलून पेटीत ठेवेल. नाग, धामण, अजगर, आपल्याकडचा असा कुठलाही साप घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. बॉल पायथन परदेशी आहे आणि साइटिस कराराच्या, म्हणजे वन्य प्राणी-वनस्पतींच्या परदेशी व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे. २०२२ साली कायद्यात दुरुस्ती झाली, २०२४ मध्ये नियम आले. त्यानुसार अशा प्राण्याची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते, पिल्लं झाली तर त्यांचीही. या मादीचा नोंदणीचा कागद खोलीच्या दारामागे चिकटवलेला आहे. साप पाळावेत की नाही, हा वाद आम्ही इथे घेतलेला नाही. मादी अडलेली असताना वाद घालत बसायला वेळ कुठला?

(दृश्य: जांभ्या दगडाचा गडगा, त्याच्या फटी, वारूळ.)

कोकणात ज्यांची धास्ती सगळ्यात जास्त, ते फुरसं आणि घोणस अंडी घालतच नाहीत, थेट पिल्लं देतात. नाग, मण्यार, धामण, दिवड, अजगर हे अंडी घालणारे. रानातली मादी त्यासाठी जागा हिंडून शोधते. गडग्यातली पोकळी, उंदराचं बीळ, जुनं वारूळ. ऊब हवी, ओल हवी आणि वर झाकण हवं. बॉल पायथनही तिकडे आफ्रिकेत बिळात नाहीतर वारुळातच अंडी घालते. जागा पटली नाही तर मादी अंडी धरून ठेवते, आणि धरून ठेवता ठेवता थकते.

आता ही पेटी बघा. खाली वर्तमानपत्र, चारी बाजूंना काच, वर दिवा, लपायला जागा नाही. भर मे महिन्यात खोलीला एसी, म्हणजे समुद्राकाठच्या घरातली दमट हवासुद्धा कोरडी करून टाकलेली. कोपऱ्यात पडलेल्या कातेचे तुकडे झालेत. हवेत ओल पुरेशी असती तर ती मोज्यासारखी सलग निघाली असती. मादीच्या नाकपुडीशी खरचटलेलं दिसतंय. बाहेर जायची वाट शोधत काचेला घासत राहिली ती. अंडं अडण्याची कारणं पुस्तकांत भरपूर दिली आहेत: लठ्ठपणा, अशक्तपणा, कमी पाणी, जंतुसंसर्ग, वेडंवाकडं अंडं. या घरातलं पहिलं कारण पेटी.

(दृश्य: भिंतीवरचं कॅलेंडर, एका तारखेभोवती लाल गोल.)

ही मात्र शाबासकीची गोष्ट. या जातीची मादी अंडी देण्याच्या साधारण महिनाभर आधी एकदा कात टाकते. पोरानं ती तारीख मांडून ठेवली होती, म्हणून उशीर झालाय की नाही हे डॉक्टरांना लगेच ठरवता आलं. अंडी सुरू झाल्यावर मधेच थांबली आणि दोन दिवस सरले तर वाट बघायची नाही. पोटातलं अंडं आत चिकटू लागतं, त्यातला बलक घट्ट होतो आणि पुढचे उपाय अवघड होत जातात.

फोनवर कुणीतरी या पोराला सांगितलं होतं, अंगठ्यानं दाबून खाली सरकव. त्यानं ते केलं नाही, हे फार बरं झालं. सापाची अंडवाहिनी पातळ असते. दाबलं की ती फाटते, अंडं आतच फुटतं, नाहीतर अंग, म्हणजे आतला अवयवच, बाहेर येतं.

(दृश्य: कोकोपीटची वीट पाण्यात फुगते. हात.)

डॉक्टर कुडाळहून आलेत. रोजचं काम गाई-म्हशी आणि कुत्र्यांचं. सर्पमित्र जखमी धामणी आणून देतात, त्यातून सापांवर हात बसला. त्यांनी पहिल्यांदा सुई काढली नाही, डबा मागितला. झाकणाचा, मादीला वेटोळं घालून बसता येईल एवढा, बाजूला एकच भोक. रोपवाटिकेत मिळते ती कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाची, वीट भिजवली. आता मुठीकडे लक्ष द्या. मूठ आवळली की गोळा टिकला पाहिजे, पण बोटांतून पाण्याचा थेंब गळता कामा नये. गळलं तर जास्त ओलं, गोळा सुटला तर कोरडं. एसी बंद. पेटीवर चादर. मादीला तिशीच्या आसपास तापलेल्या पाण्यात अर्धा तास ठेवलं, डोकं सतत पाण्यावर. मग डब्यात सोडलं आणि खोलीचं दार ओढून घेतलं.

(दृश्य: पहाट. डब्याचं झाकण उघडतं.)

लहान अंडं बाहेर आलेलं आहे. पांढरं, चामट, कोंबडीच्या अंड्यापेक्षा लांबट. पोरगा त्याच्या वरच्या बाजूला पेन्सिलनं टिंब करतोय, कारण घातलेलं अंडं नंतर उलटं करायचं नसतं. आतला गर्भ गुदमरू शकतो. मोठं अंडं जागचं हललेलं नाही.

(दृश्य: दवाखाना. सोनोग्राफीचा पडदा, पोटावर जेली.)

सापाच्या अंड्याच्या कवचात चुना कमी, त्यामुळे एक्स-रेमध्ये ते पुसटच दिसतं. सोनोग्राफीत हे पाहा, स्वच्छ. अंडं वाटेपेक्षा मोठं आहे. आपल्याकडे गुरांच्या डॉक्टरच्या पेटीत कळा वाढवणारं ऑक्सिटोसिन असतंच, आणि मोह होतो. कासवांना ते चांगलं लागू पडतं, सापांत तितकासा भरवसा नाही. शिवाय वाटच अडलेली असेल तर कळा वाढवून अंडवाहिनी फाटायची. इथे ते दिलं नाही.

हलकी गुंगी दिली आहे. आता कॅमेरा सुईवर. पोटाच्या रुंद पट्ट्यांच्या वर, कडेच्या दोन खवल्यांमधून जाड सुई थेट अंड्यात गेली. सिरिंजमध्ये पिवळा बलक चढतोय, दाट, सावकाश. एक सिरिंज भरली, दुसरी लावली. डॉक्टरांचा डावा हात अंडं धरून आहे, दाबत नाही. फुगवटा बसत चाललाय, दिसतंय ना? बलक पोटात सांडला तर आत दाह होतो, म्हणून ही घाई करायची गोष्ट नाही, आणि घरी करून बघायची तर मुळीच नाही. एवढं करूनही अंडं निघालं नाही की मग शस्त्रक्रिया, कडेच्या खवल्यांमधून चीर देऊन.

रिकामं झालेलं कवच दुसऱ्या दिवशी बाहेर पडलं. तेव्हा कॅमेरा नव्हता.

(दृश्य: उबवणीचा डबा, तापमापक.)

बाकीची पाच अंडी ३१ ते ३२ अंशांवर ठेवली. साधारण दोन महिने लागतात. तिनांतून पिल्लं निघाली, दोन सडली. मादी जगली, खायला लागली. पुढच्या मोसमात तिला नराजवळ सोडायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलंय.

(दृश्य: डॉक्टर गाडीच्या डिकीतलं सामान आवरतायत.)

सिंधुदुर्गात साप तपासणारा डॉक्टर कुठे आहे, हे गाभण मादी घरात असताना नव्हे, साप घरी आणण्याआधी विचारून ठेवा. इथे कुडाळचा एक फोन लागला. तो लागला नसता, तर दोन दिवसांची मुदत घाट चढण्यातच गेली असती.