कँडी ते एला, थर्ड क्लासने

सकाळी श्रीलंकेतल्या कँडी स्टेशनवर, डोंगरातल्या एला गावाच्या गाडीसाठी ही एवढी गर्दी, निम्मे लोक पाठीवर सॅक घेतलेले, आणि बहुतेकांना कुणीतरी सांगितलेलं असतं की रिझर्वेशन फुल आहे म्हणजे संपलं. तसं काही नसतं. खिडकीवर जायचं, "थर्ड क्लास, एला" म्हणायचं, बिनरिझर्वेशनचं तिकीट त्याच दिवशी मिळतं आणि पैसेही फार कमी लागतात. हे बघा, दोन बोटं रुंद, जाड पुठ्ठ्याचं तिकीट, मुंबईच्या लोकलला पूर्वी मिळायचं ना अगदी तस्सं.

आता खरं सांगायचं तर गाडी कोलंबोहूनच भरून येते, त्यामुळे पहिले तीन तास उभंच राहावं लागतं. हॅटनला थोडे उतरतात, मग नानू ओयाला नुवारा एलियाला जाणारे सगळे उतरतात आणि तिथे खिडकी मिळते, आणि ती खिडकी उघडते! फर्स्ट क्लासमध्ये एसी असल्यामुळे काचा बंद, म्हणून माझं स्पष्ट मत आहे की पैसे असले तरी इथे थर्ड किंवा सेकंडनेच जावं. फक्त फोटोसाठी दारातून बाहेर लटकू नका प्लीज, बोगद्याच्या भिंती आणि झाडं गाडीला अगदी चिकटून आहेत, लोकांचे जीव गेलेत.

ही लाइन ब्रिटिशांनी डोंगरातली कॉफी बंदरावर न्यायला सुरू केली, १८६७ मध्ये कँडीपर्यंत आली, पुढे रोगाने कॉफीचे मळे गेले, चहा आला आणि चहाच्या मागोमाग रूळ वर चढत १९२४ मध्ये शेवटच्या बदुल्ला स्टेशनला पोचले. खिडकीतून मळ्यात पानं खुडणाऱ्या बायका दिसतात त्या बहुतेक तमिळ, त्यांच्या पणज्या-खापरपणज्यांना याच मळ्यांसाठी तमिळनाडूतून आणलं होतं. पट्टीपोला स्टेशन आलं की स्वेटर चढवा, सहा हजार फुटांहून जास्त उंची आहे, कोलंबोचा घाम इथे आठवतसुद्धा नाही.

आणि भूक लागली की कान उघडे ठेवा. "वडे वडे वडे वडे!" शब्द आपलाच आहे हो, विकणारा टोपली घेऊन गर्दीतून वाट काढत येतो, डाळीचा वडा म्हणजे परिप्पु वडे, आणि वर अख्खी कोळंबी चिकटवलेला तो इस्सो वडे. सोबत तळलेली लाल मिरची, आणि हे सगळं कुणाच्या तरी शाळेच्या वहीच्या कागदात बांधलेलं. माझ्या पुडीवर गणितं होती, लाल पेनने बरोबरची खूण केलेली, तेल लागून अक्षरं पारदर्शक झालेली. तो कागद मी अजून जपून ठेवलाय.

साधारण सात तासांनी एला. स्टेशनबाहेर टुकटुकवाले उभेच असतात, रिक्षा बघितल्यावर एकदम घरचं वाटतं कारण पुढे बजाजच लिहिलेलं असतं, पण बसायच्या आधी भाडं ठरवून घ्या. खाली समुद्राकडे जायला मात्र लाल सरकारी बस पकडा. पुढची सीट भिक्खूंसाठी राखीव असते, तिथे बसायचं नाही, मागे सरकायचं, कंडक्टर जागेवर येऊन तिकीट देतो. उतरायचं असेल तर सिंहलीत "बहिनवा", म्हणजे उतरायचंय, एवढंच म्हणायचं. मी पहिल्यांदा म्हटलं तेव्हा आवाज इतका बारीक निघाला की शेजारच्या अक्कांनीच माझ्यासाठी मोठ्याने हाक मारली, आणि बस थांबली.