गटसाखळीचा भाव : फुटबॉलच्या टिपा आणि त्यांच्यामागचा हिशोब

[दृश्य : काळा पडदा, पांढरे आकडे – १.५०, ४.२०, ६.५०]

विश्वचषकात एखादा बलाढ्य संघ आणि एखादा दुबळा संघ समोरासमोर आला, की परदेशी बुकमेकरच्या, म्हणजे पैजा घेणाऱ्या कंपनीच्या, पाटीवर साधारण असे तीन भाव झळकतात. पहिला बलाढ्य संघाच्या विजयाचा, मधला बरोबरीचा, शेवटचा दुबळ्या संघाच्या विजयाचा. बलाढ्य संघावर शंभर लावले आणि तो जिंकला, तर दीडशे हातात येतात. त्यातले शंभर आपलेच असतात, कमाई पन्नासची.

भावातून शक्यता काढायची तर १००ला भावाने भागायचे. १.५०चे होतात ६६.७ टक्के, ४.२०चे २३.८ आणि ६.५०चे १५.४. आता बेरीज करा. येते १०५.९. सामन्याचे निकाल तीनच, तेव्हा त्यांच्या शक्यता मिळून १०० व्हायला हव्यात. वरचे ५.९ हा बुकमेकरचा कट. तो काढण्यासाठी प्रत्येक टक्केवारीला १.०५९ने भागले, की उरतात ६३, २२.५ आणि १४.५. हिशोब ढोबळ आहे, कारण दुबळ्या संघाच्या भावात कट बहुधा जरा जास्तच दडवलेला असतो. तरी भाव काढणाऱ्याला सामना कसा दिसतो, ते यातून बऱ्यापैकी कळते.

टिप देणारा सांगतो, ‘आज फ्रान्स पक्का.’ फ्रान्स वरचढ आहे हे भावाला आधीच ठाऊक आहे. १.५०च्या भावात नुसते पाण्यावर तरंगत राहायचे, तरी तीनपैकी दोन सामने जिंकावे लागतात. भाव काढणारा म्हणतो ६३ टक्के, आणि तुम्हाला हवेत ६६.७हून जास्त. मधले अंतर भरून काढणारी कोणती गोष्ट टिप देणाऱ्याला माहीत आहे, हे त्याने सांगायला हवे. भावाशिवाय दिलेली टिप म्हणजे नुसता अंदाज. तो चहाच्या टपरीवर फुकट मिळतो.

[दृश्य : पाच सामन्यांची एक पावती, खाली मोठा आकडा – ७.५९]

सर्वांत जास्त खपतो तो अॅक्युम्युलेटर, म्हणजे अनेक सामन्यांची एकच पैज; सगळे बरोबर आले तरच पैसे. पाच सामने, पाचही बलाढ्य संघ, प्रत्येकाचा भाव १.५०. गुणाकार ७.५९. शंभराचे साडेसातशे दिसले, की डोळे चमकतात. पण ६३ टक्क्यांच्या पाच गोष्टी एकापाठोपाठ घडण्याची शक्यता जेमतेम १० टक्के आहे. कटही पाच वेळा बसतो. एका सामन्यावर लावलेल्या शंभरामागे सरासरी ९४ परत येतात, पाचांच्या माळेत ७५. बुकमेकरच्या जाहिरातीत अॅक्युम्युलेटर सगळ्यात वर का असतो, त्याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे.

[दृश्य : गुणतक्ता, चार संघ, तिसऱ्या फेरीच्या आधीचे गुण]

गटसाखळीत मात्र एक गोष्ट अशी आहे, जी लीगच्या एरवीच्या सामन्यांत नसते. इथे प्रत्येक संघाचे सामने तीनच. तिसऱ्या सामन्यात उतरताना कोणाला काय हवे आहे, ते गुणतक्त्यावर उघड लिहिलेले असते. कधी दोघांना बरोबरी पुरते, कधी एकाला दोन गोलांनी जिंकावे लागते, कधी एखाद्याचे काम आधीच झालेले असते.

२५ जून १९८२, स्पेनमधले हिहोन. पश्चिम जर्मनी विरुद्ध ऑस्ट्रिया. गटातल्या अल्जीरियाने सलामीलाच पश्चिम जर्मनीला २–१ असे हरवले होते आणि त्याचे तिन्ही सामने आदल्या दिवशीच संपले होते. जर्मनी एका किंवा दोन गोलांनी जिंकली, तर दोन्ही युरोपीय संघ पुढे आणि अल्जीरिया घरी, हे मैदानावर उतरताना सर्वांना माहीत होते. दहाव्या मिनिटाला जर्मनीच्या ह्रुबेशने गोल केला. उरलेली ऐंशी मिनिटे चेंडू इकडून तिकडे फिरत राहिला. सामना १–० असा संपला. त्यानंतर गटातले शेवटचे दोन सामने एकाच वेळी सुरू करण्याची पद्धत आली.

वेळ एक केली तरी गणित राहतेच. २००४च्या युरोत, म्हणजे युरोपीय देशांच्या स्पर्धेत, डेन्मार्क आणि स्वीडन यांच्यात २–२ किंवा त्याहून मोठी बरोबरी झाली, तर इटलीने बल्गेरियाला कितीही गोलांनी हरवले तरी उपयोग नव्हता. तिघांचे गुण सारखे होणार होते आणि युरोत गोलफरकाआधी आपसातले सामने पाहतात. त्या आपसातल्या सामन्यांत इटलीचा गोल एकच होता. ८९व्या मिनिटाला स्वीडनच्या यॉन्सनने बरोबरी साधली. निकाल नेमका २–२. संगनमत झाले असे कोणी सिद्ध केले नाही, आणि त्याची गरजही नव्हती. ८९व्या मिनिटाला दोघांना हवा तोच निकाल समोर असेल, तर धोका पत्करून पुढे कोण जाईल?

म्हणून पहिले काम, स्पर्धेची नियमावली उघडणे. २०१८ आणि २०२२च्या विश्वचषकांत गुण सारखे झाले की आधी एकूण गोलफरक पाहिला जाई. युरोत आधी आपसातला निकाल. २०२६साठी फिफानेही आपसातला निकाल वर घेतला. त्यामुळे जुन्या विश्वचषकाच्या सवयीने ‘त्यांना अजून तीन गोल हवेत’ असे म्हणणारा माणूस चुकीच्या तक्त्यावर पैसे लावत असतो. २०१८मध्ये तर जपान आणि सेनेगल यांचे गुण, गोलफरक, केलेले गोल आणि आपसातला निकाल, सगळे सारखे निघाले. मग निकाल कार्डांवर आला : जपानला चार पिवळी कार्डे होती, सेनेगलला सहा. पोलंडविरुद्ध ०–१ने मागे असतानाही जपानने शेवटची दहाएक मिनिटे चेंडू आपल्याच अर्ध्यात फिरवला, कारण तेवढा पराभव परवडत होता, कार्ड परवडत नव्हते. ‘मागे पडलेला संघ शेवटी तुटून पडतो’ या नियमावर ज्यांनी उशिरा होणाऱ्या गोलाचा भाव घेतला, त्यांचे पैसे तिथे गेले.

दुसरी गोष्ट, तिसऱ्या क्रमांकाचे संघ. युरोत २०१६पासून २४ संघ आहेत आणि सहा गटांतले चार उत्तम तिसरे संघ पुढे जातात. पोर्तुगालने त्या वर्षी गटातले तिन्ही सामने बरोबरीत सोडवले, तीन गुणांवर पुढे गेला आणि युरो जिंकला. २०२६च्या विश्वचषकाची रचना ४८ संघ, १२ गट आणि आठ तिसरे संघ अशी. चार गुण झाले, की संघ बहुधा सुरक्षित असतो. त्यामुळे दोघांना बरोबरी चालणारे सामने वाढतात. २०२४च्या युरोत रोमानिया, बेल्जियम, स्लोव्हाकिया आणि युक्रेन या चौघांचेही चार-चार गुण झाले. रोमानिया–स्लोव्हाकिया १–१ सुटला, दोघे पुढे गेले आणि युक्रेन चार गुण असूनही तळाशी राहून बाहेर पडला. अशा सामन्यात बरोबरीचा भाव नेहमीच्या सव्वातीन-साडेतीनवर थांबत नाही, आधीच खाली उतरलेला असतो. तुम्ही तक्ता वाचला तसा बुकमेकरनेही वाचला आहे.

[दृश्य : राखीव खेळाडूंचा बाक, मग मैदानावर जाणारी रांग]

तिसरी गोष्ट, काम झालेला संघ. २०२२, कतार. फ्रान्स दोन सामने जिंकून पुढे गेला होता. ट्युनिशियाविरुद्ध जवळपास अख्खा संघ बदलला आणि ०–१ हरला. ब्राझीलने कॅमेरूनविरुद्ध तेच केले, तेही ०–१. पोर्तुगालनेही बरेच बदल केले आणि दक्षिण कोरियाकडून १–२ हरले. त्या स्पर्धेत तिन्ही साखळी सामने जिंकणारा एकही संघ नव्हता. गंमत अशी, की ट्युनिशिया आणि कॅमेरून जिंकूनही बाहेर पडले. कोरिया मात्र उरुग्वेइतकेच गुण आणि गोलफरक घेऊन केवळ जास्त गोलांवर पुढे गेला.

यावरून ‘तिसऱ्या सामन्यात मोठ्या संघाविरुद्ध लावा’ असा मंत्र लगेच तयार होतो. असे मंत्र कसे फसतात, ते बरोबरीच्या आकड्यांवरून दिसेल. २०२२च्या साखळीत ४८ सामन्यांपैकी १० बरोबरीत सुटले : पहिल्या फेरीत पाच, दुसऱ्या फेरीत चार, तिसऱ्या फेरीत एकच. ‘सुरुवातीला संघ सावध, शेवटी जिवावर उदार’ ही गोष्ट यात चपखल बसते. आता २०१८ घ्या. पहिल्या फेरीत तीन, दुसऱ्या फेरीत दोन, तिसऱ्या फेरीत चार. चित्र उलटे. त्या चारांत डेन्मार्क–फ्रान्स ०–० होता, संपूर्ण स्पर्धेतला एकमेव गोलशून्य सामना. फ्रान्स पुढे गेलेलाच होता, बरोबरीने त्याचा पहिला क्रमांक पक्का होत होता आणि डेन्मार्कला एक गुण पुरत होता. फेरी कितवी, यापेक्षा त्या दोन संघांना काय हवे होते, हेच महत्त्वाचे ठरले.

[दृश्य : वहीचे पान, पेन्सिलने मांडलेले गणित]

गोलांच्या भावाकडे वळू. सामन्यातले एकूण गोल ‘अडीचच्या वर की खाली’, हा बाजार. २०२२च्या साखळीत १२० गोल झाले, म्हणजे सामन्यामागे अडीच. सरासरी अडीच, तर वर-खाली शक्यता निम्मी-निम्मी, असे वाटते. तसे नसते. सरासरी २.५ धरून पॉयसनच्या सूत्राने (सरासरीवरून प्रत्येक आकड्याची शक्यता काढणाऱ्या गणिती सूत्राने) शून्य, एक आणि दोन गोलांची शक्यता मिळवली तर येते ५४ टक्के. सात-आठ गोलांचे मोजके सामने सरासरी वर ओढतात. त्याच सूत्रात एका संघाला १.६ आणि दुसऱ्याला ०.९ गोल अपेक्षित धरले, तर बरोबरी २५ टक्क्यांवर येते : ०–० साधारण ८, १–१ साधारण १२, २–२ चार टक्के आणि वरचे किरकोळ. प्रत्यक्ष फुटबॉलमध्ये ०–० आणि १–१ या सूत्रापेक्षा थोडे जास्त होतात. डिक्सन आणि कोल्स या ब्रिटनमधल्या संख्याशास्त्रज्ञांनी १९९७मध्ये त्यासाठी दुरुस्ती सुचवली होती. बुकमेकर ती केव्हाच वापरून बसलेत.

भरपाई वेळही धरायची. ९० मिनिटांचा भाव म्हणजे ९० अधिक पंचांनी दिलेली मिनिटे. कतारमध्ये इंग्लंड–इराण सामन्यातला शेवटचा गोल ९०+१३व्या मिनिटाला झाला.

हँडिकॅपमध्ये, म्हणजे संघाच्या गोलांतून आधीच काही वजा धरून लावायच्या पैजेत, नवखे लोक हमखास गोंधळतात. उणे १.२५ असा हँडिकॅप घेतला की रक्कम दोन भागांत जाते, अर्धी उणे १वर, अर्धी उणे १.५वर. संघ एका गोलाने जिंकला, तर पहिला अर्धा भाग परत मिळतो, दुसरा बुडतो. ‘संघ जिंकला तरी पैसे का गेले?’ या तक्रारीमागे बहुधा हेच असते.

सामना चालू असताना लावणाऱ्याची अडचण वेगळी. मोबाइलवरचे प्रक्षेपण मैदानापेक्षा काही सेकंद मागे असते, बुकमेकरकडची माहिती थेट मैदानातून येते. तुम्हाला फ्री किक दिसते, तेव्हा तिकडे गोल झालेला असू शकतो.

[दृश्य : फोनचा पडदा, एकामागून एक हिरव्या खुणा]

आता टिप विकणारे. ‘५०पैकी ३० बरोबर’ असा दावा भारी वाटतो. नाणे उडवून निम्म्या-निम्म्या शक्यतेच्या ५० गोष्टी सांगणाऱ्या शंभर जणांपैकी दहाजण नुसत्या योगायोगाने तिथे पोहोचतात. जाहिरात त्या दहांचीच दिसते. त्याहून साधी युक्ती अशी : ८१०० नंबर घ्या, तीन भाग करा, एकाला विजय, एकाला बरोबरी, एकाला पराभव कळवा. ज्या २७०० जणांकडे बरोबर उत्तर गेले त्यांचे पुन्हा तीन भाग. तिसऱ्या सामन्यानंतर ३०० लोक असे उरतात ज्यांनी सलग तीन टिपा खऱ्या ठरताना डोळ्यांनी पाहिल्या. ‘व्हीआयपी ग्रुप’ची फी त्यांच्याकडे मागितली जाते. काही टिपवाल्यांचे उत्पन्न तर त्यांच्या लिंकवरून बुकमेकरकडे गेलेला ग्राहक जेवढे हरेल, त्याच्या टक्केवारीतून येते. त्यांच्या टिपा चुकल्या तर त्यांचे काय बिघडते?

भारतात पाहणाऱ्यांनी कायद्याची बाजूही ऐकावी. महाराष्ट्रात जुगारबंदीचा १८८७चा कायदा आजही आहे. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने मंजूर केलेल्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्यात पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ चालवणे, त्यांची जाहिरात करणे आणि त्यांचे पैशांचे व्यवहार हाताळणे, तिन्हींवर बंदी आहे. परदेशी संकेतस्थळाने जिंकलेले पैसे अडवले, तर इथे दाद मागायला जागा नाही. गमावलेले भरून काढण्यासाठी उसने घेऊन लावण्याची वेळ आली असेल, तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो.

[दृश्य : भावाची रेघ, दोन दिवसांत हळूहळू खाली येणारी]

टिप देणाऱ्याची पारख जिंकलेल्या-हरलेल्या सामन्यांच्या संख्येवरून फार उशिरा होते. एक जवळचा रस्ता आहे. टिप दिली तेव्हाचा भाव आणि सामना सुरू होतानाचा शेवटचा भाव शेजारीशेजारी लिहायचे. तासभर आधी अकरा खेळाडूंची यादी जाहीर होते, मोठ्या रकमा लागतात आणि शेवटच्या भावात जवळपास सगळी माहिती उतरते. २.१०ला सांगितलेली टिप सुरुवातीला १.९५वर आली, तर सांगणाऱ्याला काहीतरी आधी कळले होते, मग तो सामना हरला तरी चालेल. उलट २.१०चा भाव २.३० झाला, तर सामना जिंकूनही त्याला माहिती नव्हती. असे पन्नास-साठ नोंदींत दिसू लागते. ही वही बहुतेक चॅनेलवाले दाखवत नाहीत.

ज्यांची वही महिनोन्‌महिने चांगली निघते, त्यांना बुकमेकर सर्वांत आधी ओळखतात. ब्रिटनमधल्या कंपन्या अशा खात्यावरची कमाल रक्कम काही पौंडांवर आणून ठेवतात, आणि पुढच्या गटसामन्याचा भाव पडद्यावर दिसत असला तरी त्या खात्यातून तो घेता येत नाही.