मेम्फिस ते न्यू ऑर्लिन्स : रुळांवरून दिसणारी डेल्टा

[दृश्य : पहाट. मेम्फिस सेंट्रल स्टेशनचा फलाट. दूरवरून इंजिनाचा दिवा जवळ येतो.]

मेम्फिसचं हे सेंट्रल स्टेशन १९१४ सालचं. इमारतीच्या बऱ्याच भागात आता हॉटेल आहे आणि रुळांवर दिवसातून एकच गाडी खाली येते, एक वर जाते. शिकागोहून रात्री निघालेली ‘सिटी ऑफ न्यू ऑर्लिन्स’ सकाळी सातच्या आत इथून सुटते आणि दुपारी चारच्या सुमारास न्यू ऑर्लिन्सला पोचते. अंतर साधारण साडेसहाशे किलोमीटर.

या दोन शहरांमध्ये जायला इतर वाटाही आहेत. महामार्ग ५५ वरून मोटारीने सहा तास लागतात. बसही धावते. मिसिसिपी नदीतून क्रूझ बोटी जातात. त्यांना आठवडाभर लागतो आणि पैसेही तसेच मोजावे लागतात. नदीच्या अंगाने जाणारा जुना महामार्ग ६१ सर्वांत देखणा, त्यावर आपण मध्येच थोडा वेळ जाणार आहोत. पण हा प्रदेश बघायचा तर गाडीत बसावं. महामार्ग गावांना वळसा घालून जातो. रूळ गावांच्या मधून जातात; कापसाच्या गोदामांमागून, चर्चच्या अंगणाजवळून, वाळत घातलेल्या कपड्यांच्या शेजारून.

[दृश्य : लोरेन मोटेल. खोली क्रमांक ३०६ चा सज्जा, कठड्यावर फुलांचं चक्र.]

गाडी सुटण्याआधी एक जागा. स्टेशनपासून चालत दहाएक मिनिटांवर. ४ एप्रिल १९६८ रोजी संध्याकाळी या सज्जात मार्टिन ल्यूथर किंग उभे असताना त्यांच्यावर गोळी झाडली गेली. ते मेम्फिसला आले होते सफाई कामगारांच्या संपासाठी. त्या वर्षी १ फेब्रुवारीला कचऱ्याच्या ट्रकमधल्या दाबयंत्रात सापडून दोन कामगार ठार झाले. त्यानंतर तेराशेच्या आसपास कामगार संपावर गेले. ‘मी माणूस आहे’ एवढाच मजकूर लिहिलेले फलक घेऊन ते रांगेने या शहरातून चालले. मोटेलच्या जागी १९९१ पासून नागरी हक्कांचं राष्ट्रीय संग्रहालय आहे.

हेच किंग १९५९ साली भारतात आले, तेव्हा मुंबईत मणिभवनात राहिले होते, गांधीजी राहत त्या घरात. पुढच्या थांब्यावर ते पुन्हा भेटतील.

[दृश्य : गाडीच्या खिडकीतून. सपाट शेतं, मधूनच पाण्याची तळी.]

मेम्फिस मागे पडलं की थोड्या वेळाने जमीन अशी सपाट होते. ही मिसिसिपीची डेल्टा. नकाशावर नदी समुद्राला मिळते ती जागा वेगळी, ती खूप खाली. इथल्या लोकांची डेल्टा म्हणजे मिसिसिपी आणि याझू या दोन नद्यांमधला पुराच्या गाळाचा पट्टा. काळीभोर, खोल माती. या मातीत कापूस पिकला, तो पिकवण्यासाठी माणसं गुलाम करून आणली गेली, आणि गुलामी संपल्यावर त्यांची मुलंबाळं बटाईने त्याच शेतात राबत राहिली. आता कापसाबरोबर सोयाबीन आणि मका दिसतो. ही चौकोनी तळी मांगूरच्या जातीच्या माशांची, कॅटफिशची.

[दृश्य : मार्क्स. छोटा फलाट, निळी पाटी. दोन बायका सामान घेऊन उभ्या.]

हे मार्क्स. वस्ती दीड हजारांच्या आसपास. गाडी इथे मिनिटभर थांबते, आणि त्या मिनिटामागे जवळजवळ वीस वर्षांचा पाठपुरावा आहे.

१९९५ पर्यंत ही गाडी या रुळांवर नव्हतीच. ती पूर्वेकडच्या ग्रेनाडा मार्गाने जायची. रूळ होते इलिनॉय सेंट्रल या मालवाहू कंपनीचे. प्रवासी गाड्या चालवणारी ॲमट्रॅक ही १९७१ साली सुरू झालेली सरकारी पैशावर चालणारी संस्था. देशाच्या बहुतेक भागात तिच्याकडे स्वतःचे रूळ नाहीत, ती दुसऱ्यांच्या रुळांवर गाड्या चालवते. मालवाहू कंपनीला ग्रेनाडा मार्ग सांभाळायचा नव्हता, म्हणून प्रवासी गाडी याझू मार्गावर, म्हणजे या डेल्टामधून, वळवली गेली. ग्रीनवुड आणि याझू सिटीला स्टेशनं मिळाली. मार्क्समधून गाडी रोज दोनदा जाऊ लागली, पण थांबेना.

मार्क्सच्या काऊंटीने, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या विभागाने, मागणी लावून धरली. क्विटमन काऊंटी ही अमेरिकेतल्या अतिशय गरीब काऊंट्यांपैकी एक. पैसा जमवायचा, जागा द्यायची, फलाट बांधायचा, मालवाहू कंपनीची परवानगी मिळवायची, ॲमट्रॅकला पटवायचं. एक अडसर दूर झाला की दुसरा उभा. काऊंटीतली माणसं बदलली, निवडणुका झाल्या, रूळही इलिनॉय सेंट्रलकडून कॅनेडियन नॅशनलकडे गेले. मागणी तीच राहिली. ४ मे २०१८ रोजी गाडी पहिल्यांदा मार्क्सला थांबली. आपल्याकडे खेड्यात येणाऱ्या मुक्कामी एसटीचा जसा गावाला आधार असतो, तसा या गाडीचा इथे आहे. आता मार्क्सहून मेम्फिस, जॅक्सन आणि थेट शिकागोपर्यंत जाता येतं.

मार्ग बदलल्याने बेट्सव्हिल, ग्रेनाडा, विनोना, ड्युरंट आणि कँटन या गावांची गाडी गेली.

[दृश्य : मार्क्समधला स्मृतिफलक. जुनी छायाचित्रं : खेचरं, पांढरी छतं घातलेल्या गाड्या.]

किंग १९६६ साली मार्क्सला आले होते. त्यांचे सहकारी राल्फ ॲबरनॅथी यांनी ती आठवण सांगितली आहे. दुपारी एका शाळेत शिक्षिका मुलांना जेवण वाटत होती. जेवण म्हणजे थोडी बिस्किटं आणि सफरचंदाचा एक चतुर्थांश तुकडा. एका सफरचंदाचे ती चार भाग करत होती. ते पाहून किंग यांना रडू आवरलं नाही.

गरिबांच्या हक्कांसाठी किंग यांनी आखलेली ‘गरिबांची मोहीम’ वॉशिंग्टनवर न्यायची ठरली, तेव्हा तिची एक तुकडी मार्क्समधूनच, खेचरांच्या गाड्यांतून निघावी असं किंग यांच्या मनात होतं. ते स्वतः ती बघू शकले नाहीत. त्यांच्या हत्येनंतर, मे १९६८ मध्ये गाड्या निघाल्या. छतांच्या कापडावर घोषणा रंगवल्या होत्या. अलाबामा ओलांडून ही माणसं अटलांटाला पोचली आणि तिथून पुढे खेचरांसकट रेल्वेत बसली.

[दृश्य : शेतांमधून जाणारा रस्ता, शेजारी रूळ. वेलींनी झाकलेल्या भिंती.]

ग्रीनवुडच्या थोडं अलीकडे हे गाव लागतं. नाव मनी. रस्त्यापलीकडे ज्या भिंती उभ्या आहेत ते एकेकाळी किराणा दुकान होतं. ऑगस्ट १९५५ मध्ये चौदा वर्षांचा एमेट टिल शिकागोहून सुट्टीसाठी इथे नातेवाइकांकडे आला. ज्या गाडीने आला तिचंही नाव ‘सिटी ऑफ न्यू ऑर्लिन्स’च होतं. या दुकानातल्या गोऱ्या बाईशी तो उद्धटपणे वागला असा आरोप झाला आणि २८ ऑगस्टला त्याला घरातून उचलून नेऊन मारण्यात आलं. दोन आरोपींना गोऱ्या ज्यूरीने निर्दोष सोडलं. मुलाचा देह रेल्वेनेच शिकागोला परत गेला. आईने शवपेटी उघडी ठेवायला लावली.

[निवेदन नाही. रुळांचा आवाज. भिंती, वेली, पुढे निघून जाणारी खिडकी. साधारण २० सेकंद.]

[दृश्य : महामार्ग ६१. क्लार्क्सडेल. विटांची जुनी मालधक्क्याची इमारत.]

क्लार्क्सडेलला गाडी जात नाही; इथे मोटारीने यावं लागतं, मेम्फिसहून दीड तास. पण रेल्वेची गोष्ट इथे आल्याशिवाय पुरी होत नाही. ही इमारत १९१८ सालचा मालधक्का, आता तिच्यात डेल्टा ब्लूज संग्रहालय आहे. ब्लूज म्हणजे इथल्या कृष्णवर्णीयांचं गाणं. आत हे लाकडी घर बघा. स्टोव्हॉल मळ्यावरून आणलंय. तुळयांवर कुऱ्हाडीचे घाव अजून दिसतात, फटींमधून पलीकडचा उजेड येतो. ब्लूज गायक मडी वॉटर्स याच घरात वाढले. दिवसा ट्रॅक्टर चालवायचे, रात्री गिटार. १९४३ साली त्यांनी क्लार्क्सडेलच्या स्टेशनवर शिकागोची गाडी पकडली. तिथे गिटारला वीज जोडली गेली आणि पुढचं संगीत बदललं.

असे ते एकटे नव्हते. १९१० ते १९७० या काळात सुमारे साठ लाख कृष्णवर्णीयांनी दक्षिणेची राज्यं सोडली. मिसिसिपीतून निघालेल्या पुष्कळांची वाट म्हणजे इलिनॉय सेंट्रलचे हेच रूळ.

[दृश्य : पुन्हा गाडी. याझू सिटीची रंगीत दुकानं, मग झाडीचा चढ.]

याझू सिटीला डेल्टा संपते. जांभळी, पिवळी, हिरवी दुकानं आणि त्यांच्यामागे एकदम टेकडी. पुढे जॅक्सन, मिसिसिपी राज्याची राजधानी. १९६१ साली वर्णभेद मोडायला निघालेले आंदोलक, फ्रीडम रायडर्स, बसने आणि रेल्वेने या शहरात आले, गोऱ्यांसाठी राखलेल्या प्रतीक्षालयांत जाऊन बसले, आणि तीनशेहून अधिक जणांना इथे अटक झाली. मग हेझलहर्स्ट, ब्रुकहेवन, मॅककोम. पाइनची झाडी दाट होत जाते.

वाटेत आपली गाडी उभी राहिली आहे. समोरून लांबलचक मालगाडी येतेय. अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे प्रवासी गाडीला आधी वाट मिळायला हवी, आणि हा कायदा १९७३ पासून आहे. डबे मोजत बसा. प्रवासी गाड्या उशिरा पोचतात म्हणून लोक बसत नाहीत असं म्हणणाऱ्यांनी हे दृश्य जरूर बघावं.

[दृश्य : हॅमंडनंतर. दोन्ही बाजूंना पाणी. पाण्यात उभी सायप्रसची झाडं.]

आणि हा या प्रवासातला सर्वांत सुंदर तास. उजवीकडे मॉरेपा तलाव, डावीकडे पाँचरट्रेन, मध्ये मँशॅकची दलदल. महामार्ग ५५ शेजारीच उंच खांबांवरून जातो. त्यावरून पाणी खाली, लांब दिसतं. गाडी पाण्याच्या पातळीला आहे. फांद्यांवरून लोंबणारे हे करडे झुबके स्पॅनिश मॉसचे. बगळा उडतो तो खिडकीच्या बरोबरीने उडतो.

पाण्यात जे बुंधे दिसतात ते तोडलेल्या सायप्रसचे. शंभर वर्षांपूर्वी इथे लाकूडतोडीची गावं होती, रडॉक आणि फ्रेनिएर. तिथे पोचायला रेल्वेशिवाय वाट नव्हती. सप्टेंबर १९१५ च्या वादळात फ्रेनिएरच्या लोकांनी स्टेशनात आसरा घेतला आणि स्टेशनच कोसळलं. ती गावं पुन्हा वसली नाहीत.

[दृश्य : लांब पूल. खाली कोरडं पात्र.]

हा पूल ज्यावरून जातो तो बॉने कॅरेचा सांडवा. १९२७ च्या महापुरानंतर न्यू ऑर्लिन्स वाचवण्यासाठी तो बांधायला घेतला, १९३१ मध्ये पुरा झाला. नदीच्या काठी दोन किलोमीटरहून लांब बांध, त्यात ३५० खिडक्या, आणि प्रत्येक खिडकीत २० लाकडी ओंडके उभे. एकूण ७,०००. नदी चढली की बांधावरच्या रुळांवर क्रेन सरकत येते आणि एकेक ओंडका वर उचलून ठेवते. पाणी फटींतून सुटतं, या पात्रातून पाँचरट्रेन तलावात जातं. पूर ओसरला की तेच ओंडके पुन्हा एकेक करून खाली. नव्वद वर्षांपूर्वीची पद्धत आजही चालू आहे. २०१९ मध्ये सांडवा एकाच वर्षात दोनदा उघडला; गोड्या पाण्याने किनाऱ्यावरची कालवं मेली.

[दृश्य : न्यू ऑर्लिन्स. युनियन पॅसेंजर टर्मिनल. भिंतींवरची मोठी चित्रं.]

न्यू ऑर्लिन्सचं हे स्टेशन १९५४ सालचं. भिंतींवरची भित्तिचित्रं कॉनरॅड अल्ब्रिझिओ यांची, लुइझियानाचा इतिहास सांगणारी. बसही इथूनच सुटतात. प्रवासी डोकं वर करून चित्रं बघतात आणि मग फ्रेंच क्वार्टरकडे निघतात.

तुम्ही मात्र एक रात्र राहून सकाळी परत इथेच या. २००५ साली कॅटरिना वादळात पूर्वेकडचे रूळ वाहून गेले. रूळ लवकर दुरुस्त झाले, मालगाड्या धावू लागल्या, प्रवासी गाडी बंदच राहिली. मालवाहू कंपन्या म्हणत होत्या, जागा नाही. प्रकरण रेल्वेचे वाद सोडवणाऱ्या केंद्रीय मंडळापुढे गेलं, सुनावण्या झाल्या, नोव्हेंबर २०२२ मध्ये समझोता झाला. १८ ऑगस्ट २०२५ पासून न्यू ऑर्लिन्स ते मोबील, अलाबामा, अशी गाडी पुन्हा सुरू आहे. रोज दोन खेपा, वाटेत बे सेंट लुईस, गल्फपोर्ट, बिलॉक्सी आणि पॅस्कागूला. प्रवास पावणेचार तासांच्या आसपास. समुद्र बघायचा असेल तर बे सेंट लुईसच्या पुलाच्या सुमारास उजवीकडच्या खिडकीत बसा.